लाल पट्टीचा डबा

गोटीरामतात्यांनी आयुष्यात चार अंतराळयानं बांधली, पण मखमलाबादच्या त्यांच्या भावकीत त्यातलं एकही कुणी खरं मानलं नाही. तिथं त्यांची ओळख एकच, ‘मुंबईहून हात हलवत परत आलेला.’

२००१ साली मी नाशिकच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत होतो. जुन्या विज्ञानपटांतल्या करामती ज्यांनी केल्या, त्यांच्या मुलाखतींची मालिका मी हौसेनं अंगावर घेतली होती. मुंबईच्या दोघांनी फोनवर तास तासभर स्वतःचीच आरती ओवाळली. तात्यांचं नाव तिसऱ्यानं दिलं, तेही फोन ठेवता ठेवता.

मी गेलो तेव्हा तात्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. साठीचा माणूस, बोटं मात्र सोनाराची. पहिल्याच प्रश्नावर हसले.

“यान? कुकरच्या शिट्ट्या, चहाची गाळणी, सायकलचं कॅरिअर. वरून चंदेरी रंग मारला का झालं तुमचं यान. तारे म्हणजे काळ्या कागदाला सुईनं भोकं पाडायची आन मागून दिवा लावायचा.”

“पण यान ताऱ्यांमध्ये दिसायचं कसं?”

तात्यांनी जुडी खाली ठेवली. “रीळ एकच. आधी काळ्या मखमलीपुढं यान घ्यायचं. मग रीळ न धुता उलटं गुंडाळायचं, पहिल्यापासून परत चालवायचं आन तारे घ्यायचे. पहिल्या खेपेला जिथं काळं, तिथंच दुसऱ्या खेपेचं उमटतं. पण दुसऱ्या खेपेला उजेड जास्त झाला का पहिलं जळून जातं.” असं अर्धं झालेलं रीळ ज्या डब्यात, त्याला लाल पट्टी लावायची. कोऱ्या डब्याला पांढरी. लाल पट्टीच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांच्या खात्याचा नियम होता.

मी सगळं उतरवून घेतलं आणि छान मजकूर मिळाला म्हणून खूश होऊन घरी आलो.

मग बारीकसारीक विचारायला दर रविवारी जाऊ लागलो. चौथ्या रविवारी चहा घेऊन फुलाबाई आल्या, तात्यांच्या पत्नी. भिंतीला एक हात लावून चालत होत्या. डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, फार तर दिवाळीपर्यंत दिसेल.

“दादा, तुम्ही नुसतं यानाचंच इचारता. आमची रूपी नाय पायली का?”

त्यांनी मला देव्हाऱ्यापाशी नेलं. देवांच्या टाकांशेजारी पत्र्याचा एक गोल डबा होता. त्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर चढलेले, आणि त्यांच्या खाली लाल पट्टी.

रूपाली त्यांची एकुलती एक मुलगी. १९७९ साली मायलेकी महिनाभर तात्यांकडे मुंबईला राहिल्या. तेव्हा तात्यांनी चार वर्षांच्या रूपीला पांढरा फ्रॉक घालून काळी मखमल पांघरलेल्या बाकावर पालथं झोपवलं आणि ती आकाशात उडते आहे असं रीळ घेतलं. सभोवती तारे नंतर घालायचे होते. मायलेकी नाशिकला परतल्या आणि आठ दिवसांत मेंदूज्वरानं पोर गेली. डबा तात्यांनी नंतर तसाच घरी आणला.

“फोटू एक नाय तिचा. जत्रेत काढू म्हणलो होतो. जे हाय ते यात हाय. डोळे जायच्या आत एकदा पायलं असतं,” फुलाबाई म्हणाल्या.

“मग इतकी वर्षं धुतलं का नाही?”

“हे म्हनतात, उघडलं का उजेडानं पोर जाईल.”

तात्या मान खाली घालून जुड्या बांधत होते. मी शहाणा, लगेच बोलून गेलो, “अहो, मुंबईत माझ्या ओळखीची लॅब आहे. अंधारातच उघडतात. आठ दिवसांत आणून देतो.” तात्यांनी वर पाहिलं. मला ती कृतज्ञता वाटली. माझ्यासारखा गाढव मीच.

फुलाबाईंनी डबा उतरवला, त्यावर चिमूटभर तांदूळ वाहिले आणि म्हणाल्या, “जपून न्या. एकटी कधी गेली नाय ती.”

लॅबवाल्यानं आठवड्यानं पाच-सहा छापील फोटो हातावर ठेवले. “सगळं जळालंय. एवढंच निघालं.” फोटो पांढरेफट्ट. फक्त खालच्या कोपऱ्यात जरासा काळा भाग उरला होता आणि त्यात एक इवलंसं पाऊल होतं, वाळा घातलेलं.

फुलाबाई दारातल्या उजेडात बसल्या. भिंग लावून त्यांनी फोटो डोळ्याला भिडवला.

“वाळा हाय. माज्या आईनं घातलेला,” त्या म्हणाल्या. आनंदानं आवाज कापत होता. मग फोटो इकडून तिकडे फिरवू लागल्या. “तोंड कुठं हाय?”

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या उठून उभे राहिले होते.

“तार आली होती,” ते म्हणाले. “मुलगी अत्यवस्थ, निघा. यान फुटायच्या सीनची चाचणी राहिली होती. ती घेतल्याबिगर सोडीनात. हाताला आला तो डबा कॅमेऱ्यात चढवला. पट्टी पाह्यली नाय. दारूचा भडका उडाला आन मी स्टेशनाकडं पळालो. कसाऱ्याचा घाट चढताना ध्यानात आलं, पट्टी लाल होती. म्हणलं, पोर वाचली का परत घेऊ.”

“तुम्हाला ठावं होतं?” फुलाबाईंनी विचारलं.

“हो.”

“बावीस वर्सं मी हळद वाहत होते.”

त्यापुढे त्या तात्यांशी बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे नंतरही कामापुरतंच. मुलाखत छापून आली, यानाच्या चित्रासकट. रूपीबद्दल मी एक ओळ लिहिली नाही. दिवाळीआधीच फुलाबाईंची नजर गेली.

डबा बाहेर काढायला मीच लावला होता, म्हणून मी जात राहिलो. गेलो की त्या हात धरून बसवत, उशाखालचा फोटो माझ्या हातात देत. “दादा, सांगा.” मग मी सांगायचो, उजवं पाऊल, बोटं फाकलेली, टाच गुबगुबीत, वाळा जरा ढिला. त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत. तात्या चार हातांवर जुड्या बांधत असायचे. त्या पावलावर दिवा त्यांनीच लावला होता, माझ्यापेक्षा हजारपट त्यांना ते पाठ होतं. त्यांना कुणी विचारत नव्हतं.

एकदा घाईत होतो. टाचेपर्यंत सांगून मी थांबलो. फुलाबाई वाट बघत राहिल्या.

“वाळा,” तिकडून तात्या हळूच म्हणाले. “वाळा ढिला हाय. बाकावरून उतरताना निघाला होता, मीच परत घातला.”

फुलाबाईंनी त्या आवाजाकडे मान वळवली नाही. माझा हात मात्र घट्ट धरला.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही सांगा.”