व्याह्यांचं लाल काचेचं घड्याळ

टिट्-टिट्!

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. माझी उसाची बैलगाडी वजनाला उभी होती आणि तिथल्या बाबूच्या मनगटातून अचानक हा आवाज निघाला. बैलांनी कान टवकारले. मी तर बैलांच्याही आधी टवकारले! बाबूनं बाही वर सारली. बघतो तर घड्याळाला काटेच नाहीत, नुसते आकडे. मी हळूच म्हटलं, "साहेब, तुमचे काटे कुठं पडले हो?" बाबू हसता हसता खुर्चीवरून घसरला.

तेव्हापासून ते घड्याळ माझ्या डोक्यात बसलं. घ्यायचं मात्र राहून गेलं. शेत, लेकरं, लेकरांची लग्नं, त्यात स्वतःच्या मनगटाकडं बघायला फुरसत कुणाला? पण हौस काही म्हातारी होत नाही, मंडळी. आणि उतारवयात तिनं माझी अशी फजिती केली, अशी फजिती केली... बसा, चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. पोटात ठेवून ठेवून दुखायला लागलंय.

मी कोरीट गावचा लोटन. शाळा चौथीपर्यंत. बोलणं इतकं हळू, की माझं एक वाक्य संपेपर्यंत समोरचा माणूस चहा पिऊन कप विसळून येतो. हसताय काय? यानंच तर पुढं घात केला.

मुलानं शेती हाती घेतली, माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि एक दिवस मोबाइलवर एक माणूस दिसला. तो आपला जुनी, बंद पडलेली डिजिटल घड्याळं उघडायचा. आतला फिकट डिस्प्ले काढून नवा, झगझगीत, उजेड पडणारा बसवायचा. वरची ओरखडलेली काच काढून लाल, निळी, पिवळी काच लावायचा. भाषा कुठल्या देशाची होती देव जाणे, पण हात काय करतात ते तर दिसत होतं. झालं! नंदुरबारच्या जुन्या बाजारातून मी बंद घड्याळं आणायला लागलो. नवे डिस्प्ले आणि काचा कुरियरनं. ओट्यावर माझं दुकान. दुकान कसलं, एक पाट, एक चिमटा आणि एक भिंग!

कोरीटमध्ये रंगपंचमीच सुरू झाली. सरपंचाला निळी काच, किराणावाल्याला जांभळी. गिरणीवाल्याला हिरवी लावून दिली, तर तो म्हणतो, "आबा, हाऊ टाइम आजून कच्चाच दिसस! पिकी कव्हय?"

आमची यमुना रोज ओरडायची, "डोळास्नं ऑपरेशन काय घड्याळं फोडासाठे करं का?"

"फोडत... नही... नवी... करस..." मी सांगायला लागायचो. तोवर ती गोठ्यात पोचलेली असायची.

आता खरी गोष्ट. माझी लेक बेबी तापीकाठच्या प्रकाशा गावात दिलेली आहे. आणि आमच्याकडं जुन्या माणसांचा एक नेम असतो. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही! नातू झाला की नेम सुटतो म्हणतात, पण मी आपला अजून धरून बसलोय. प्रकाशाला जाताना पाण्याची बाटली घरून नेतो. शेजारून एवढी तापी वाहते आणि मी पितो कोरीटच्या नळाचं! बेबीचे सासरे हिरामणआप्पा ही गोष्ट गावभर कौतुकानं सांगतात. फार भला माणूस. माझ्या लेकीला ते कधी उणा शब्द बोलले नाहीत.

नातवाचं जाऊळ ठरलं होतं, त्याचं बोलायला मी प्रकाशाला गेलो. आप्पा शेतात, बेबी आत चुलीपाशी, मी ओसरीत एकटा. समोर शोकेस. त्यात देवाच्या फोटोशेजारी काय दिसावं? डिजिटल घड्याळ! जुनं, पोलादी, बंद. काच तर अशी ओरखडलेली, की कढईचा तळ बरा.

माझी बोटं शिवशिवली. जाऊळाला व्याह्याला टोपी-टॉवेल तर सगळेच देतात. आपण आप्पांचंच घड्याळ नवंकोरं करून आहेरात दिलं तर? कसा चकित होईल माणूस!

आणि मी ते खिशात टाकलं.

थांबा, थांबा, माझ्याकडं असं बघू नका. मी आणून द्यायलाच तर नेत होतो! नेमात हे बसतं की नाही, एवढं फक्त कुणाला विचारलं नाही.

घरी आणून त्यात जीव ओतला. पोलाद घासून घासून आरसा केला. जुनं पोट, जुनी काच, जुना पट्टा, सगळं काढून तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठेवलं. आत नवा काळा डिस्प्ले, त्यावर पांढरे आकडे, वर लाल काच. बटण दाबलं की असा उजेड पडायचा, जणू डाळिंबाच्या आत कुणी दिवा लावलाय. यमुनासुद्धा गोठ्यात जाता जाता परत फिरून बघायला आली. आमच्या संसारात ही मोठी गोष्ट.

जाऊळाच्या दिवशी मांडवात वरण-बट्टीच्या पंगती उठत होत्या. मी आप्पांना टोपी घातली, टॉवेल दिला आणि वर घड्याळाचं खोकं ठेवलं. आप्पांनी उघडलं. "आरे बाप रे!" लगेच मनगटावर चढवलं, हात उंच धरला आणि नवरदेवासारखे मांडवभर फिरले. जो तो फोटो काढतोय. मी वाट बघतोय, आता ओळखतील, आता ओळखतील.

आप्पा माझ्याजवळ आले. डोळे भरलेले. "याही, मन्हाकडे बी एक घड्याळ व्हतं. मन्हा लगनमा सासरानी दिधेल. चोराई गयं."

"आप्पा... ते... घड्याळ..." मी सुरुवात केली.

"माले माहीत शे कोनी लिधं ते! झुलालनी! लगन व्हयनं तव्हपाइन त्यान्हा डोळा व्हता त्यावर."

झुलाल म्हणजे आप्पांचा सख्खा धाकटा भाऊ. भिंतीला भिंत लागून घर. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पुतण्याच्या पोराचं जाऊळ आणि झुलाल मांडवात नाही! बेबी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, दोन्ही घरं बोलतस नही आते. मधलं दार बी लाई टाकं."

मी आप्पांची बाही धरली. "आप्पा... ते... मीच..."

पण आप्पांना कुठला धीर! त्यांनी माझा खांदा धरला, मला पंगतीकडं फिरवलं आणि गरजले, "दखा हाऊ मन्हा याही! पोरना घरनं पानी बी पेत नही! आन् एक मन्हा भाऊ दखा!"

सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. आता तुम्हीच सांगा, त्या टाळ्यांत मी कुठल्या तोंडानं म्हणणार, की बाबांनो, पाणी पीत नाही, फक्त घड्याळं नेतो?

मी एवढंच म्हणालो, "आप्पा... काच... बसानी... बाकी शे. परत... द्या." त्यांनी तिथल्या तिथं काढून दिलं. व्याह्यावर केवढा तो विश्वास!

बेत सोपा होता. घड्याळ पुन्हा जुनं करायचं, गुपचूप ठेवून यायचं, भावाभावांचं आपोआप जुळेल. जुनं पोट होतं, काच होती, पट्टा होता. पण पोलाद? त्याचा तर मी आरसा करून बसलो होतो! मग घेतला विटेचा तुकडा आणि ओट्यावर बसून ओरखडे काढायला लागलो.

यमुना दारात येऊन उभी राहिली. "काय करी ऱ्हायनात?"

"जुनं... करी ऱ्हायनू."

"काल ते नवं करं ना?"

"करं."

ती आत गेली. जरा वेळानं शेजारणीला सांगताना ऐकू आलं, "बाई, डोळा सुधारनात आन् डोकं गयं!"

दुसऱ्या दिवशी प्रकाशाला जाऊन मी ते शोकेसच्या मागं सरकवून दिलं, जणू पडलं असावं. कोरीटला पोचतोय तोच फोन.

"याही! सापडनं! शोकेसना मांगे व्हतं! आन् ऐका, ते चालू शे! कितला वरीसपाइन बंद, आन् आते चालू शे!"

अरे देवा! हाताची सवय. आतला गंज पुसला होता आणि नवा सेल घातला होता. बंद घड्याळ बंदच परत करायचं असतं, हे कुणाला सुचलं?

"महादेवनी किरपा!" आप्पा ओरडत होते. मागून विहीणबाईंचा आवाज, हळदकुंकू आणा म्हणून. गल्लीतली माणसं दर्शनाला यायला लागली. आप्पा झुलालच्या दारी गेले, सगळ्यांदेखत भावाला मिठी मारली, मधलं दार उघडलं. हे सगळं मी फोनवर ऐकत होतो आणि खाटेवर बसल्या बसल्या पाय हलवत होतो, लहान पोरासारखा. सुटलो बुवा!

तेवढ्यात आप्पा म्हणाले, "याही, आते ते लाल घड्याळ लवकर धाडा. झुलालले देवानं शे. मी त्यान्हावर खोटा आळ लिधा ना? त्यानी फोटो दखेल शे, त्याले तेच जोयजे."

माझे पाय हलायचे थांबले.

लाल घड्याळ देऊ कुठून? त्याचं पोट माझ्या डबीत, आणि अंग प्रकाशाला हळदकुंकू लावून बसलेलं! तो नवा डिस्प्ले दुसऱ्या कुठल्या घड्याळात मावेना. तसंच अंग शोधत मी शहादा पालथं घातलं, नंदुरबार पालथं घातलं. जुन्या बाजारातले हनीफभाई, माझे नेहमीचे दुकानदार, फोटो बघून हसले. "चाचा, शादी का माल है ये. अब सिर्फ ससुराल में मिलेगा!"

त्यांना काय ठाऊक, किती खरं बोलले ते!

इकडं आप्पांचा रोज फोन. काच बसली का? मी म्हणायचो, "बसी... ऱ्हायनी..." मग एक दिवस बेबीचा फोन. "बाबा, झुलालकाका रुसना. म्हनस, भाऊनी नुसती तोंडनी माफी मांगी. घड्याळनं नाव काढं का इकडे तिकडे दखस." म्हणजे पुन्हा दार लागणार! आणि ह्या खेपेला तर सगळंच माझ्यामुळं.

मग माझ्या डोक्यात एक विचार आला. आज आठवला तरी स्वतःचा कान पिळावासा वाटतो. म्हटलं, शोकेसमधलं घड्याळ न्यायचं, लाल करायचं, झुलालला द्यायचं. आणि आप्पांचं? आप्पा म्हणतील, महादेवानं दिलं, महादेवानं नेलं! माणूस चौथी शिकला म्हणून इतका मूर्ख असतो का? नाही हो. त्याला वेगळी मेहनत लागते.

सोमवारी सगळे केदारेश्वराला जातात हे मला ठाऊक होतं. मी गेलो. घर शांत. शोकेसला किल्ली लावलेलीच होती. काच सरकवली, घड्याळावरचं जास्वंदीचं फूल उचललं, घड्याळ उचललं.

"याही?"

मागं वळलो. मधल्या दारात आप्पा, आणि त्यांच्या शेजारी झुलाल. रुसलेल्या झुलालची समजूत काढायला सगळे त्या दिवशी पलीकडंच थांबले होते, हे मला कुठं ठाऊक! माझ्या एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात फूल. आता काय म्हणणार, पूजा करत होतो?

आणि मंडळी, जन्मात पहिल्यांदा मी भरभर बोललो! "मीच लिधं, मीच लाल करं, मीच ईटवर घासं, मीच मांगे ठेवं, महादेव नही, नवा सेल शे, झुलालभाऊनी काहीच करं नही!" एका दमात. मलाच ऐकून धाप लागली.

आप्पा खाली बसले. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग मांडीवर थापा मारत असे हसले की विहीणबाई धावत आल्या. "ऐकं का व! हाऊ पानी पेत नही, घड्याळ पेस! तेबी दोनदाव!" विहीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. बेबी दाराआड उभी, चेहरा लाललाल, माझ्या काचेपेक्षा लाल. मीही हसायला लागलो, दुसरं करणार काय?

"झुलाल, भाऊ, तूच सांग," आप्पा डोळे पुसत म्हणाले, "आळ तुन्हावर उना. ह्या चोरले काय शिक्षा देवानी?"

झुलाल हसत नव्हता. तो सावकाश माझ्यापाशी आला. माझ्या हातातून घड्याळ घेतलं, शोकेसमध्ये होतं तिथं ठेवलं. फूल घेतलं, ते घड्याळावर नीट सरळ ठेवलं. काच लावली. किल्ली फिरवली, एकदा ओढून बघितली, बाहेर काढली. मला टोपीपासून चपलेपर्यंत एकदा न्याहाळलं. मग किल्ली आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, वरून खिसा दाबून बघितला, आणि मधल्या दारातून आपल्या घरी निघून गेला.