आकारामचं धुतलेलं तोंड

जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावरची माणसं, पायऱ्या, कुत्री, सगळं गुलाबी होतं. एकटा आकाराम तेवढा कोरा. स्वतःचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान, पोत्यांनी गुलाल विकतो, पण त्या दिवशी कपाळाला बोट लावू देत नाही. नवखं गिऱ्हाईक हसतं. गावातलं कुणी हसत नाही.

साठीला टेकलेला हा गडी चारेक वर्षांचा असताना याच यात्रेत हरवला. गुलालानं सगळ्यांची तोंडं सारखीच, तेव्हा पोरानं आई समजून धोंडुबाईचा पदर धरला. धोंडुबाई म्हणजे दुकानाची मालकीण. एकटी विधवा, जिभेनं तिखट. संध्याकाळी दोघांची तोंडं धुतली गेली आणि पोरानं टाहो फोडला. गाव विचारलं तर म्हणे घर, आईचं नाव विचारलं तर म्हणे आई. भोंग्यावर पुकारा झाला, पोलिसांना सांगून झालं, कुणी आलं नाही. पोर धोंडुबाईकडंच राहिलं. आकाराम हे नावही मग तिनंच ठेवलं.

पण बाई सरळ होती. दरसाल यात्रेला त्याचं तोंड घासून त्याला दुकानाच्या पायरीवर बसवायची. "तुझी आई आली तर तिला वळखाया नको व्हय?" म्हणायची, आणि येणाऱ्या प्रत्येक बाईकडं धास्तावून बघायची. यात्रा उतरली की त्याला पोटाशी धरून रडायची. ती गेली, पण आकारामनं नेम मोडला नाही. खोटं कशाला बोला, आस होतीच.

यंदा मलकापूरची एक म्हातारी लेकाचा हात धरून चढत आली. चिमणाबाई तिचं नाव. आकारामला बघून जागीच थबकली.

"माझा थोरला नामू हिथंच हरवला रं," म्हणत तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आकारामनं तोंड तसंच पुढं धरलं. तिची बोटं त्याच्या उजव्या कानामागं गेली, भाजल्याचा डाग शोधत राहिली. तिथं काहीच नव्हतं.

"न्हाईस तू," ती म्हणाली आणि मटकन पायरीवर बसली. बसताना धरलेला त्याचा हात मात्र सोडवेना तिला.

त्या हातांकडं बघताना आकारामला धोंडुबाई आठवली. लेकरू सोडवत नसतं ते असं. आणि तरी ती दरसाल त्याला दुसरीच्या हवाली करायला पायरीवर बसवत होती. त्याचे डोळे भरून आले.

"रडू नगंस," म्हातारी म्हणाली. "तुझी आई बी तुला हुडकत असंल."

"असंल की. पर मावशी, हिथं मला जी घावली, तिनं मला काय कमी पडू दिलं न्हाय. लई नशीब काढलं मी."

चिमणाबाईनं त्याचा हात आणखी घट्ट धरला.

"माझ्या नामूला बी अशी कुणी घावली असंल का रं?"

"घावली असणार," आकाराम म्हणाला. "घावलीच असणार की."