दिलीपच्या गाडीची उठबस

मित्राने नवी गाडी घेतली की पेढे त्याच दिवशी संपतात, किस्से मात्र साठत जातात. ते जमवायला जावं लागत नाही. दर रविवारी चहाबरोबर एखादा आपोआप निघतो. आमचा अड्डा सारोळ्याला, नीरेच्या पुलाअलीकडच्या हॉटेलात. अड्डा म्हणजे आम्ही तिघंच. दिलीपचा शिरवळच्या बाजूला खोक्यांचा कारखाना आहे, रफिकचं भोरात बांगड्यांचं दुकान आहे आणि मी भोर डेपोचा रिटायर कंडक्टर. शाळेत तिघं एका बाकावर होतो, त्यामुळे कुणाच्याही मोठेपणाची कुणाला भीड नाही.

दिलीपची गाडी इलेक्ट्रिक. सेडान, म्हणजे बुटकी. पण तिला स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या आहेत. स्क्रीनवर बोट ठेवलं की गाडी तीन-चार बोटं वर उठते, पुन्हा ठेवलं की खाली बसते. माझा सगळा जन्म एसटीत गेला. आमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची फट, कधी कुणी विचारली नाही!

अशी गाडी का घेतली, असं विचारलं की दिलीप "पाठीला बरी" एवढंच सांगायचा. खरं कारण आम्हाला ठाऊक होतं.

त्याची आई, आमची आक्का, वेल्ह्याकडच्या गावात एकटी राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि गुडघे गेलेले. आता आणखी लांबवलं तर नजर परत मिळायची नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आक्काला न्यायचं कसं? जीपची पायरी उंच, तिचा पाय उचलत नाही. बुटकी गाडी दारापर्यंत जात नाही, कारण बोळात मधोमध एक खडक वर आलाय. खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेतो म्हटलं, तर म्हणाली, "चार जणांनी उचलायचं त्ये एकदाच. आत्ता न्हाई."

खडक फोडावा, तर तो तिच्या धाकट्या दिराच्या, नानांच्या हद्दीत. बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झालेली. नाना दगडाला हात लावू देईनात. म्हणजे खडकावरून जायला उंच आणि आक्काला बसायला बुटकी, अशी एकच गाडी पाहिजे होती. दिलीपने ती शोधून काढली. मला तेव्हा त्याचा हेवा वाटला. गाडीचा नाही, खटपटीचा.

*

पहिल्याच आठवड्यात आम्ही कापूरहोळहून भोरला येत होतो. दिलीपने गाडी आधीच वर करून ठेवली होती आणि आता कुठलाही स्पीडब्रेकर आपलं वाकडं करू शकत नाही, असं आम्हाला ऐकवत होता. पण या गाडीची एक खोड आहे. वेग वाढला की ती आपली आपण खाली बसते. दिलीप ते विसरला. एका गावाच्या तोंडाशी पट्टे न मारलेला ब्रेकर आला आणि खालून असा खर्रर्र आवाज झाला, की माझे दोन्ही पाय आपोआप वर आले.

गाडी बाजूला घेतली. कट्ट्यावर बसलेले एक म्हातारबाबा शांतपणे सगळं बघत होते. म्हणाले, "लोकं म्हनत्यात, बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो. हिला तर चांगला हाय की."

*

एकदा पानशेतला मासे खायला गेलो. गाडी बंद करून कुलूप लावलं की ती खाली बसावी, असं दिलीपने करून ठेवलं होतं. हॉटेलच्या मालकीणबाईंनी भाकरी थापता थापता खिडकीतून ते पाहिलं आणि आम्हाला काही न विचारता पंक्चरवाल्याला फोन केला. पाहुणे जेवतायत तोवर काम उरकेल, हा त्यांचा चांगला विचार.

आम्ही हात धुऊन बाहेर आलो, तर पंक्चरवाला चारी टायर ठोकून, डोकं धरून बसलेला. म्हणाला, "साहेब, हवा टायरातली न्हाई गेली. गाडीतली गेलीया."

दिलीप म्हणाला, "बरोबर आहे." तो माणूस पुन्हा एकदा टायर ठोकायला लागला.

*

भोंगवलीचा किस्सा रफिक माझ्यापेक्षा चांगला सांगतो, पण आज तो दुकानात आहे.

भोंगवली ही दिलीपची सासुरवाडी. त्याचे सासरे, तात्या, जावयाला कांदा दिल्याशिवाय सोडत नाहीत. गाडी भरण्याचा तात्यांचा एकच हिशोब. जीप असो की टेम्पो, मागचं बूड टेकायला लागलं की भरली. त्यांनी डिकीत एक पोतं टाकलं. गाडी किंचित दबली आणि पुन्हा उठली. दुसरं टाकलं, पुन्हा उठली. त्या हवेच्या पिशव्यांचं कामच ते. प्रत्येक पोत्यानंतर तात्या लांब जाऊन, वाकून बघायचे आणि अजून मावतंय म्हणायचे. मागच्या सीटवर गहू आला, पुढे पायाशी भोपळे आले. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली तेव्हा दिलीप काकुळतीला आला. तात्या मात्र खूश. घरात जाऊन बायकोला म्हणाले, "जावई कसाबी असू दे, गाडी खानदानी हाय. कितीबी लादा, वाकत न्हाई."

रफिक आणि मी भोरला एसटीने आलो.

*

मग एका रविवारी खडकाची रंगीत तालीम. गाडी पूर्ण वर करून दिलीपने खडकापाशी आणली. या गाडीची बॅटरी पोटाखाली असते, तिला दगड लागला तर सगळंच अवघड. त्यामुळे दिलीपला घाम फुटलेला. शेजारच्या ओट्यावर नाना अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते. आमच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बसलेले.

रफिक खाली वाकला, एक डोळा मिटून गाडीचं पोट आणि खडक यांच्यामधली फट पाहिली. बाजाराच्या दिवशी बांगडी भरण्याआधी बाईचा हात बघतो, अगदी तसं. मग उठून म्हणाला, "जाईल. पण साबण लावावा लागेल."

नाना हसले नाहीत, पण अडकित्ता थांबला. दिलीपने गाडी मागे घेतली. त्या दिवशी त्याचा धीर झाला नाही.

*

डॉक्टरांनी दिलेला दिवस उजाडला. आता मागे घेऊन चालणार नव्हतं. सकाळी दिलीपने देवाचं नाव घेऊन गाडी खडकावरून आत घातली. शेवटी पोटाला काहीतरी घासलंच. त्याचा चेहरा उतरला, पण स्क्रीनने काही तक्रार केली नाही. आक्काच्या दारात त्याने गाडी खाली बसवली.

आक्का इरकल नेसून तयार होती. भिंत धरत, कुणाचाही हात न घेता ती उंबऱ्यातून गाडीपर्यंत आली, दार चाचपलं आणि घरातल्या पाटावर टेकावं तशी सीटवर टेकली. रफिकने डोळे पुसले. मीही पुसले, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आता बाहेर निघायचं होतं. दिलीपने गाडी वर उचलली. खडकाच्या एका बाजूला रफिक, दुसऱ्या बाजूला मी. पण रफिकची कंबर नेमकी आज धरलेली आणि मला ढेरी. दोघंही नुसते वाकल्यासारखं करत होतो, पोटाखालचं काही दिसत नव्हतं. येताना घासलं होतं, आणि आता आत आई बसलेली. दिलीपने खडकापाशी ब्रेक दाबला तो सोडेचना.

तेवढ्यात नाना ओट्यावरून उतरले. नुकतीच आंघोळ झालेली, अंगात पांढराशुभ्र सदरा. आमच्याशी एक शब्द न बोलता ते खडकाशेजारी मातीत पालथे पडले, गाल जमिनीला लावला आणि दिलीपला हात केला.

"यीऊ दे. चार बोटं हायेत. जरा डावीकडं. यीऊ दे. आता दोन हायेत. हळू."

गाडीला आवाज नाही आणि काच खाली होती, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. आक्काने मान वळवली.

"कोन हाय त्यो?"

"नाना," दिलीप म्हणाला.

आक्काने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग दिलीपला म्हणाली, "त्याला म्हनावं, ऊठ. कापडं मळत्याल."

खालून, गाल मातीवरून न उचलता, नाना म्हणाले, "वैनीला म्हनावं, गप बसून ऱ्हा. एक बोट ऱ्हायलंय."