पाचव्या कॅसेटवरचा ठेका

जुन्या रेकॉर्डींच्या त्या दुकानदाराला बाजारात सगळे 'तीन सूर' म्हणत. अमेरिकेतलं ब्लूज संगीत वाजवणारा कुठलाही गिटारवाला असो, तीन सूर कानावर पडले की हा गडी वाजवणारा ओळखणार. थोर वादकांना त्याने आपली टोपणनावंसुद्धा देऊन टाकली होती: वादळ, बाटलीवाला, रडव्या, कंजूष.

"वादळ ऐकून माणूस तोंडात बोट घालतो आणि चहा होईपर्यंत विसरतो," तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "बाटलीवाला काचेची नळी बोटात घालून तारेवरून घसरत येतो, सुरावर नीट उभाच राहत नाही, म्हणून हुरहूर लागते. रडव्या तार अशी ताणतो की ऐकणाऱ्याचा घसा दुखावा. आणि कंजूष? अख्ख्या गाण्यात वीस सूर! पण कुठे थांबायचं ते त्यालाच कळतं. शेवटी लक्षात तेवढंच राहतं." गिऱ्हाईक बिचारं निमूटपणे एक रेकॉर्ड जास्तीची घेऊन जाई.

हाच कान त्याने धाकट्या भावावरही चालवला. धाकटा दुकानाच्याच वरच्या मजल्यावर राही, दिवसभर छापखान्यात राबे आणि संध्याकाळी गिटार घेऊन बसे. "बोटं आहेत तुला, पण हात नाही," थोरल्याने तोंडावर सांगितलं. "तुझं वाजवणं कोणी ओळखायचं नाही." धाकटा नुसता हसला. त्यानंतर थोरल्यासमोर त्याने गिटार काढली नाही, आणि लेक जन्मायच्या आत ती विकूनही टाकली. यंदा धाकटा अचानक गेला.

महिन्याभराने भावजय नऊ कॅसेटी घेऊन दुकानात उतरली. "भाऊजी, रेडिओवरचे कार्यक्रम हे टेप करायचे ना, त्या या. यातल्या एकीवर यांनी स्वतः वाजवलंय, एवढंच मला ठाऊक. वर काही लिहिलेलं नाही, आणि थोडं थोडं ऐकून पाहिलं तर मला सगळं सारखंच वाटतं. लेक म्हणते, बाबांचं वाजवणं एकदा तरी ऐकायचंय. तुम्ही ओळखालच."

"हात्तिच्या! एका दुपारचं काम," तो म्हणाला.

पहिली लावली: कंजूष. चिठ्ठी डकवली. दुसरी: रडव्या. चार वाजेपर्यंत सगळ्या आटोपल्या. मग चिठ्ठ्यांवर नजर गेली आणि त्याने त्या पुन्हा मोजल्या. नऊ कॅसेटी आणि नऊही थोरांच्या. एकाही चिठ्ठीबद्दल त्याला शंका नव्हती. म्हणजे सख्ख्या भावाला तो पुऱ्या खात्रीने दुसराच कोणी समजला होता.

त्याने सगळ्या पुन्हा लावल्या, या वेळी चुका शोधत. भाऊ कुठे ना कुठे चुकणारच, असं त्याने धरून ठेवलं होतं. चूक कुठेच सापडेना. पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. गिऱ्हाइकाने कुठलीही रेकॉर्ड लावली की त्याला धाकटाच ऐकू येई, वर दुसऱ्याचं नाव ठसठशीत छापलेलं असलं तरीही. जेवताना, दाढी करताना स्वतःचंच बोलणं मागून कानात येई: बोटं आहेत, हात नाही. त्याला स्वतःच्या कानांची भीती वाटू लागली.

रविवारी सकाळी भावजय आली. त्याला खोटं सुचेना.

"मला नाही ओळखता येत गं," तो म्हणाला.

"तुम्हाला?" ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "बरं, आलेच आहे, तर तुमच्या आवडीची एक तरी ऐकवा."

त्याने पाचवी लावली. कंजुषाची. हिच्याबद्दल तरी त्याच्या मनात किंतु नव्हता.

"किती कमी वाजवतो बघ! आणि आता पाय ऐक. लाकडावर ठेका धरलाय, एक जड, एक ओढता. असा लंगडा ठेका मी उभ्या जन्मात ऐकला नाही. तो जवळ जवळ येतो, आणि हा बघ, सूर अर्धा टाकून थांबला! वादळाला सात जन्मांत जमायचं नाही हे."

टेप नुसती खरखरत राहिली. भावजय स्टुलावरून उठून जवळ आली.

"भाऊजी, हा जिना आहे."

"कसला जिना?"

"आमचा. दुकान बंद करून तुम्ही वर यायचात ना? लहानपणी मोडलेला तुमचा तो पाय. तो वाजला की हे असेच थांबायचे आणि गिटार पलंगाखाली सारायचे. स्वयंपाकघरातून मी रोज ऐकायची."

त्याने बटणाकडे हात नेला. आधीही दर वेळी त्याने टेप इथेच बंद केली होती, वाजवणं संपलं म्हणून. तिने त्याचा हात धरला.

पलंगाखाली काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग दार, आणि थोरल्याचा स्वतःचाच आवाज, तिशीतला.

"बंद का केलंस रे? काय सुरेख वाजत होतं!"

"रेडिओ होता, दादा. कंजूष."

"वाटलंच मला."