टाचणातले पाच सेकंद

मंगलाबाईंच्या माहेरी सात भावंडं होती. जेवताना जो आधी बोलेल त्याच्या ताटात भाजी जास्त पडायची. त्यामुळे समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करायची सवय त्यांना कधी लागली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. खानदेशातली ही मुलगी लग्न होऊन बोईसरजवळ सालवडला आली. नवरा चंद्रभान कारखान्यात पाळीवर जायचा आणि मंगलाबाई स्कूटरवरून जवळच्या दांडी गावच्या शाळेत शिकवायला. गेल्या जूनमध्ये तिथे एकोणीस वर्षं पूर्ण झाली. चौथीचा वर्ग त्यांचा. आवाज असा की मैदानापलीकडच्या पहिलीलाही चौथीचे पाढे पाठ व्हावेत.

त्या वर्गात हेमाली नावाची मुलगी होती. वहीत नीटनेटकं लिहायची, पण विचारलं की मान खाली. जानेवारी आला तरी तिच्या तोंडून 'हजर' सोडून शब्द फुटला नव्हता. मुख्याध्यापक पुंडलिक सरांनी बोलण्या-शिकण्यात अडचण असलेल्या, डॉक्टरी तपासणीसाठी पाठवायच्या मुलांची यादी शनिवारपर्यंत मागितली, तेव्हा मंगलाबाईंनी पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं. आईला बोलावून सांगितलंही. आई बोंबील वाळत घालता घालता उठून आली होती. म्हणाली, "तपासनी कशाला बाई? शालंत नाय जमत तर राहू दे. घरी हाताला काम हाय."

हे मात्र मंगलाबाईंना लागलं. यादीत घातलेलं नाव म्हणजे शाळेतून उचललेलं नाव, असं त्या घरात ठरून गेलं होतं.

आईशी हे बोलणं झालं त्याच सोमवारी शाळांच्या केंद्राकडून रूपल मॅडम पाठ बघायला आल्या. बाईंच्या निम्म्या वयाच्या. शेवटच्या बाकावर वही घेऊन बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "पाठाचं टाचण छान आहे, साहित्यही छान. पण तुम्ही बेचाळीस प्रश्न विचारलेत आणि त्यातल्या एकोणतिसांची उत्तरं तुम्हीच दिलीत."

"आणि बाकीची?"

"पहिल्या बाकावरच्या भावेशने."

मंगलाबाई हसल्या, पण कानशिलं तापली.

"प्रश्न विचारल्यावर तुम्ही सेकंदभर थांबता, बाई. टाचणात प्रश्न तीनच लिहा. पण मुलांना विचार करावा लागेल असे. आणि प्रत्येकाच्या पुढे लिहा, थांबणे, पाच सेकंद. तोही पाठाचाच भाग आहे. तोपर्यंत कुणी हात वर करायचा नाही, भावेशनेही."

मंगळवारी बाईंनी तसं लिहिलं आणि फळ्यापाशी उभं राहून पायाच्या अंगठ्याने मोजायला घेतलं. चारवर भावेशने विचारलं, "बाई, तुमी विसरलात काय?" मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंना बरं नाय." बाईंनी उत्तर सांगून टाकलं.

घरी सराव करू म्हणून त्यांनी चंद्रभानला विचारलं, "उद्या डब्याला काय देऊ?" आणि गप्प राहिल्या. चंद्रभानने वर पाहिलं. मग उठून निमूटपणे कालपासून तुंबलेलं न्हाणीघर साफ करून आला. "झालं ते," म्हणाला. "अजून काही राहिलंय का माझं?"

बाहेर सासरे बसले होते. खंडेरावअण्णा आठ वर्षांपूर्वी गाव सोडून यांच्याकडे आले. बोलणं आधीच सावकाश, दात गेल्यावर आणखी. रोज संध्याकाळी सून घरात पाऊल टाकायची आणि ते म्हणायचे, "मी काय म्हणतो..." त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "चहा ना अण्णा? ठेवते." आठ वर्षांत यात खंड पडला नव्हता.

बुधवारी अण्णा म्हणाले, "मी काय म्हणतो..."

मंगलाबाईंनी पर्स हातात धरून अंगठा हलवायला सुरुवात केली. पाच झाले. सात झाले.

"आल्या आल्या ओट्याकडे धावतेस," अण्णा म्हणाले. "जरा टेकत जा की. पाच मिनिटं."

त्या टेकल्या. पर्स मांडीवर तशीच.

"आणि चहा, अण्णा?"

अण्णांनी पुन्हा वेळ घेतला. "चहाने मला पित्त होतं."

त्या रात्री भाकरी थापताना मंगलाबाईंच्या मनात सारखी दोन माणसं येत होती, एक म्हातारं आणि एक चिमुरडं.

गुरुवारी पाठ होता पाण्याच्या वाफेचा. पहिला प्रश्न लिहिलेला होता, ओली वस्तू लवकर वाळायला काय काय लागतं? भावेशचा हात अर्धा वर आला आणि बाईंच्या नजरेने खाली गेला. पाच सेकंद झाले. हेमालीचे ओठ हलले, मिटले. बाईंचं उत्तर जिभेच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळलं. नऊ. दहा. बाहेर पोषण आहाराच्या डेगचीवर झाकण वाजलं. कुणी उठलं नाही.

"वारा," हेमाली म्हणाली.

बाईंनी अंगठ्याने पुन्हा मोजायला घेतलं.

"ऊन हाय नि वारा नाय... त बोंबील वालत नाय. येल लागतो. नि आभाल डगाल झालं त... कुजतात. मग आई रात्री उठून ताडपत्रीनं जाकते." तिने श्वास घेतला. "लांब लांब टांगायचे. चिकटून टांगले त मदी ओलेच ऱ्हातात."

ऊन, वारा, दमट हवा, मोकळी जागा. पुस्तकातलं अख्खं पान तिने सांगून टाकलं होतं.

"बाई, तुमी वालवलेत कदी बोंबील?" हेमालीने विचारलं आणि ती थांबली. सगळा वर्ग थांबला. मंगलाबाईंना पहिल्यांदाच कळलं की समोरचं माणूस उत्तराची वाट बघतंय हे किती बरं वाटतं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "शिकवशील?"

शाळा सुटल्यावर त्या बोंबलांच्या मांडवापाशी गेल्या आणि हेमालीच्या आईला सांगितलं, "यादीतून नाव काढतेय. ती बोलते." आईने लेकीकडे पाहिलं. "घरी त लय बोलते. तुमी काय ऐकलंत?" मंगलाबाईंनी सगळं सांगितलं, न थांबता, अगदी आपल्या जुन्या वेगात.

शनिवारी पुंडलिक सरांनी यादी पाहिली. एका जागी खोडरबराचा डाग होता.

"हेमाली बोलायला लागली?"

"विचारून बघा सर," मंगलाबाई म्हणाल्या. "पण विचारलंत की उत्तर येईपर्यंत खुर्चीत नीट बसा."