पाहुण्याचा तांब्या

आमची नळयोजना पहिल्यांदा बुडाली ती आमच्याच पाहुणचारात.

योजनेला सरकारी निधी मिळणार होता, पण आधी साहेब येऊन टंचाई आहे की नाही ते पाहणार होते. साहेब येणार म्हटल्यावर गावाची अब्रू जागी झाली. आदल्या दिवशी आम्ही बायका कोरड्या नदीत खणलेल्या झिऱ्यावर बसलो आणि वाटीवाटीनं पाणी उपसून घरोघरचे रांजण भरले. साहेबांना पाय धुवायला पाणी, प्यायला पाणी, वर चहा. माझ्या सासूबाई तर तांब्या घेऊन 'अजून घ्या' म्हणत मागंच लागल्या. साहेबांनी काठोकाठ भरलेला रांजण पाहिला आणि अहवालात लिहिलं, पाणी पुरेसं आहे. निधी दुसऱ्या गावाला गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बायकांच्या राखीव जागेवर मी तेव्हा ग्रामपंचायतीत होते. सहीपुरतीच, असं पुरुषांना वाटायचं. मी जालन्याच्या कार्यालयात इतक्या चकरा मारल्या की शिपाईसुद्धा मला पाहून आत कळवायला लागला. शेवटी पुन्हा पाहणी ठरली. या वेळी रांजण भरायचे नाहीत, असं मी घरोघर बजावून आले.

भर उन्हाळ्यात साहेब आमच्या ओसरीवर टेकले. मी त्यांच्यापुढे रिकामा तांब्या ठेवला.

"अगं, पाहुण्याला रिकामा तांब्या दावून राह्यलीस? लाज न्हाई का तुला?" सासूबाई आतून कडाडल्या.

"न्हाई," मी म्हणाले. "साहेब, पाणी नदीत आहे. चला, आणू."

झिऱ्यात एक वाटी भरायची, मग पाणी पाझरेपर्यंत थांबायचं. साहेब स्वतः उकिडवे बसले. तांब्या भरेतो त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. परत आल्यावर ते पाणी काही प्यायले नाहीत. तांब्या आमच्या रांजणात ओतला आणि जीपमध्ये जाऊन बसले.

निधी मंजूर झाला. सगळं गाव मला शाबासकी देत होतं, सासूबाई मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. दारातून पाहुणा कोरडा गेला, हे त्यांच्या मनातून जाईना. मलाही वाईट वाटायचं, पण पुन्हा वेळ आली असती तर मी तेच केलं असतं.

नळाला पहिलं पाणी आलं त्या सकाळी त्यांनी तांब्या राखेनं लख्ख घासला, भरला आणि ओसरीवर आणून ठेवला.

"आता बोलीव त्या साहेबाला," त्या म्हणाल्या. "तहानलेला गेल्ता."