इंजिनिअरिंगचं पारायण

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची नवी वाटणी झाली. मोहगाव मध्यप्रदेशातच राहिलं आणि हाताशी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं. पुढच्या उन्हाळ्यात गुणवंता खवसे नागपुरातून इंटर सायन्स झाला, पण इंजिनिअरिंगसाठी त्याला जबलपूर गाठावं लागलं. तिथल्या कॉलेजचा नियम सोपा होता. पहिल्या वर्षी जो नापास, त्याची जागा गेली. गावातून इंजिनिअर व्हायला निघालेला हा पहिलाच, म्हणून निघताना त्याला इतके हार पडले की बघणाऱ्याला वाटावं, पास होऊनच आला.

गुणवंताचं नाव होतं ते वाचनाबद्दल. जामसांवलीच्या मारुतीपुढे तो चौदाव्या वर्षापासून पारायणाला बसे आणि सात दिवसांची पोथी तिसऱ्या दिवशी संपवी. तिथे दंडक दोनच : पोथी अर्ध्यावर सोडायची नाही, आणि वाचून झालेलं पान मागं पलटायचं नाही. अर्थ विचारण्याची त्या मंडपात पद्धत नव्हती.

जबलपुरात खोलीत सोबतीला पांढुर्ण्याच्या एका मास्तरांचा मुलगा श्रीधर होता. पुस्तकं जाडजूड, सगळी इंग्रजीत, आणि विषय दोघांच्याही बापजन्मी न ऐकलेले. एका प्राध्यापकांनी मुलांची दया येऊन, अनोळखी विषयाचं पुस्तक झपाट्यानं कसं वाचावं ते तासभर सांगितलं. आधी अनुक्रमणिका आणि आकृत्या पाहून घ्या. मग ओठ न हलवता, पानावरून बोट खाली नेत प्रकरण एका दमात काढा. अडलं तर थांबू नका, समासात खूण करा. शेवटी प्रत्येक खुणेशी परत या आणि पेन्सिल घेऊन, उदाहरणं सोडवत सावकाश वाचा.

यातल्या पहिल्या तीन गोष्टी गुणवंताला लगेच साधल्या. दिवाळीपर्यंत त्याची चार पुस्तकं संपली. हॉस्टेलमधली मुलं त्याला ‘खवसे मेल’ म्हणू लागली आणि घड्याळ लावून त्याची पानं मोजू लागली. श्रीधर ओठ हलवत संध्याकाळभरात चार पानं वाची, त्यातली दोन आदल्या दिवशीचीच.

“काय करून राहिला बे?” गुणवंता म्हणे. “त्याच पानावर मुक्काम केला काय?”

“समजून नाही राहिलं ना.”

“पुढं चाल. वाचत गेलं की आपोआप समजते.”

“आणि तुह्या खुणा? सगळा समास भरला तुह्या खुणायनं. सरांनी मागं यायला सांगितलं होतं.”

“वाचलेलं पान मागं पलटत नसतात, श्रीधर.”

“अबे, हे काय मारुतीचं देऊळ आहे?”

गुणवंता हसला आणि त्यानं पाचवं पुस्तक उघडलं.

एप्रिलात तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी तुळईवरच्या भारासंबंधी विचारलं. गुणवंता तत्काळ म्हणाला, “पान दोनशे बारा, सर. डाव्या बाजूला, खाली आकृती आहे.”

परीक्षकांनी पुस्तक उघडलं. आकृती तिथेच होती.

“वा! काय आहे आकृतीत?”

“एक तुळई आणि दोन बाण, सर.”

“बाण कशाचे?”

पुढच्या ओळी कुठे आहेत तेही गुणवंताला दिसत होतं. ओळींत काय आहे ते मात्र दिसत नव्हतं. परीक्षकांनी पुस्तक हलकेच मिटलं. लेखी परीक्षेत तर सगळी गणितंच होती, आणि गणितं पानाचा नंबर विचारत नाहीत. गुणवंता तीन विषयांत गेला. जागाही गेली. श्रीधर तिसऱ्या वर्गात पास झाला.

“पुस्तकं तं सारी वाचली होती ना?” घरी नत्थूजींनी मुलाला विचारलं.

“वाचली, बाबा.”

“मंग?”

गुणवंता पेटीतली पुस्तकं काढून फळीवर लावू लागला. शेवटी नत्थूजींनीच उत्तर शोधलं : जबलपूरवाल्यांनी मराठी पोराला मुद्दाम पाडलं. आठवड्याभरात मोहगावची खात्री झाली. पंधरवड्यात सौंसरचे वकील रघुनाथराव येऊन गेले. त्यांना सीमाभागावरच्या अन्यायाच्या सभेसाठी एक अन्याय झालेला माणूस हवाच होता. गुणवंताला मंचावर खुर्ची मिळाली. त्याला बोलायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. ते त्याला उत्तम जमलं. पुढे पांढुर्ण्यातही जमलं.

सुटीत श्रीधर त्याला भेटायला मोहगावला आला. ओसरीत चारसहा माणसं बसली होती. नत्थूजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“का रे श्रीधर, तू बी तं मराठीच ना?”

“हो काका.”

“मंग तुले कसं पास केलं त्यायनं? कोणाच्या घरी पाणी भरलं बे?”

माणसं हसली. श्रीधरनं गुणवंताकडे पाहिलं. समासातल्या खुणांबद्दल गुणवंताचं एक वाक्य पुरलं असतं, आणि ते या दोघांनाच ठाऊक होतं.

“बाबा,” गुणवंता म्हणाला, “त्याले चहा तं पिऊ द्या आधी.”

श्रीधरनं चहा घेतला नाही. तो गेल्यावर नत्थूजी म्हणाले, “पाहा, जवाब नाही त्याच्यापाशी.” गुणवंतानं मान डोलावली.